गच्चीवर डब्ल्यूपीसी डेक : नाशिकमध्ये हातात पडेपर्यंत खर्च किती?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. हॉलच्या डोक्यावर साधारण २० बाय १२ फुटांची उघडी गच्ची, सध्या शहाबादी फरशी. पावसाळ्यात तिच्यावर असं शेवाळ धरतं की जून ते ऑक्टोबर आईला तिकडे पाऊल टाकू देत नाही. तिचे गुडघे आधीच नाजूक. म्हणून तिथे लाकडासारखा दिसणारा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) डेक टाकायचा विचार आहे.

तीन ठिकाणांहून भाव काढले. पहिला २४० रुपये चौरस फूट. दुसरा ३१०, बोर्ड 'कॅप' केलेला, म्हणजे वरून पातळ थर चढवलेला आहे म्हणे. या दोघांनी जीएसटी १८ टक्के वेगळा लिहिलाय. तिसरा थेट ५२०, 'सगळं धरून'. म्हणजे एकाच गच्चीला ५७ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत! नक्की कोण लुटतंय? आणि मे महिन्यात या पट्ट्या वाकतात असं शेजारी म्हणतात, त्यात तथ्य आहे का? त्यापेक्षा सागवान बरं का? जाणकारांनी सांगावं.

कोबा_आणि_उतार

लुटत कोणीच नाहीये. पहिल्या दोघांनी तुम्हाला फक्त बोर्डाचा भाव दिलाय. खालची फ्रेम, क्लिपा, कडेची पट्टी, मजुरी हे सगळं नंतर हळूहळू बाहेर येतं. आपण मांडूनच बघू.

बाजारात सर्रास मिळणारा बोर्ड १४६ मिलिमीटर रुंद आणि २.९ मीटर लांब असतो. दोन बोर्ड टोकाला टोक लावले की ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट होतात. तुमची गच्ची २० फूट. त्या शेवटच्या फुटासाठी प्रत्येक रांगेत बारका तुकडा लावावा लागेल, दिसेल वाईट आणि खाली पाइपही जास्त जाईल. त्यापेक्षा डेक १९ फुटांचाच करा. बारा फुटांत मधल्या फटी धरून २४ रांगा बसतात. २४ दुणे ४८ बोर्ड, वर तीन जादा, एकूण ५१. एक बोर्ड साधारण साडेचार चौरस फूट भरतो.

२४० च्या भावाने बोर्डांचे झाले ५६ हजार. खाली ५० बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, दर बारा इंचांवर एक, जोडावर डबल. तो कडेच्या चौकटीसह २०० किलोच्या आसपास जातो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप, वेल्डिंग आणि रंगासकट १३० रुपये किलो धरला तर २६ हजार. स्टेनलेसच्या क्लिपा पाचशेच्या घरात, दहा रुपयांनी ५ हजार. बसवण्याची मजुरी ७० रुपये फुटाने १६ हजार. कडेची पट्टी आणि टोपणं साडेचार हजार. बोर्डावरचा जीएसटी १० हजार. बेरीज जाते १ लाख १७ हजारांवर, म्हणजे फुटाला ५१५.

आता तिसऱ्याचा ५२० बघा. तो महाग नाही, फक्त पूर्ण आहे. पण त्या भावात बोर्ड बिनकॅपचा असणार, हे त्याच्याकडून लिहून घ्या. ३१० वाला कॅपचा बोर्ड घेतलात तर याच हिशेबाने सगळं धरून १ लाख ३६ हजारांवर, फुटाला ६०० पडेल. भाव इकडेतिकडे होतील, पण बोर्ड म्हणजे निम्मा खर्च हे गणित फारसं बदलत नाही.

मेनरोडवाला

सव्वा लाख? अहो, शहाबादी घासून घ्या नाहीतर वर अँटीस्किड टाइल टाका. लेबरसकट फुटाला दीडशेच्या आत सुटाल. उरलेल्या पैशांत आईंना काशीयात्रा घडवा. :-)

लिंबाचं_लोणचं

मेनरोडवाले, टाइलचा मुद्दा चुकीचा नाही, पण अँटीस्किडवर पण शेवाळ धरतंच हो. आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर बिनकॅपचा डेक आहे, चार पावसाळे झाले. जे दिसलं ते सांगते.

रंग पहिल्या उन्हाळ्यातच एक छटा उतरला, मग थांबला. सगळीकडे सारखा उतरला म्हणून खटकत नाही, पण झुल्याखालची जागा अजून गडद आहे. झुला हलवायची सोय उरली नाही. तेलाचे डाग बिनकॅपवर कायमचे. दिवाळीत पणत्या कठड्यावर ठेवा, डेकवर नको. आणि फटाके तर अजिबात नाही. भाच्याने भुईनळा लावला तिथे रुपयाएवढी जागा वितळून गुळगुळीत झाली आहे. यात निम्मं प्लास्टिक आहे हे लोक विसरतात.

घसरण्याचं म्हणाल तर श्रावणात यावर पण हिरवा थर येतो. खोल खाचांचा बोर्ड घेऊ नका, खाचांत माती बसते आणि तिच्यात शेवाळ. ब्रश फिनिश घ्या. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, एवढं केलं तर आईंना चालता येईल. नाही केलं तर शहाबादीपेक्षा फार वेगळं नाही, हे स्पष्ट सांगते.

गडद कॉफी रंगाच्या मोहात पडू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवून दाखवा.

करवत

फॅब्रिकेशन आणि डेक दोन्ही करतो, म्हणून लिहितो.

वाकण्याचं. पट्टी उन्हाने वाढते, हे खरं. नाशकात जानेवारीच्या पहाटे आठ-दहा अंश आणि मेच्या दुपारी बोर्डाला हात लावला तर साठ. तीन मीटरच्या पट्टीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. कारागीर थंडीत काम करतो, टोकाला टोक घट्ट भिडवतो, दिसायला झकास. मेमध्ये तीच पट्टी जाणार कुठे? वर उठते. थंडीत बसवत असाल तर टोकांच्या जोडात पाच-सहा मिलिमीटर फट ठेवायला सांगा, भिंतीपासून दहा. बारा इंचांऐवजी अठरा इंचांवर पाइप टाकला तर मधे झोळ पडतो. पाइप वाचवून भाव कमी करणारे इथेच वाचवतात. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत हे अंतर लिहिलेलं असतं, मोडलंत की वॉरंटी संपली.

काळा, बिनमुलाम्याचा पाइप रेड ऑक्साइडचा रंग मारून वापरतात. तीन-चार पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जागी गंजतो. जीआय घ्या, आणि वेल्डच्या प्रत्येक ठिपक्यावर झिंकचा रंग मारून घ्या. द्राक्षबागांचे मांडव करणाऱ्या फॅब्रिकेटरला हे काम बरोबर कळतं, त्याच्या लोखंडावर वर्षभर ऊन-पाऊस आणि फवारणी असते. गंगापूर रोडच्या शोरूमपेक्षा अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधून फ्रेम करून घ्याल तर स्वस्त पडेल.

कोबा_आणि_उतार

करवतभाऊंना पूर्ण अनुमोदन. आता मूळ मुद्दा, जो कोणीच काढला नाही. पाथर्डी_फाटा, तुमची गच्ची हॉलच्या डोक्यावर आहे. स्लॅबला आत्ता ओल आहे का? कोपऱ्यात रंगाचे पोपडे, पांढरा क्षार, काहीही? डेक बसल्यावर ती जागा वर्षानुवर्षं कोणी बघणार नाही. आधी पन्हाळी पाइपाची तोंडं बांधून गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालून छत तपासा. थेंब जरी दिसला तरी डेकचे पैसे तूर्त वॉटरप्रूफिंगला वळवा.

फ्रेम स्लॅबला फास्टनरने ठोकू देऊ नका. प्रत्येक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला केलेली जखम. रबरी पॅडवर फ्रेम नुसती टेकवायची, वजनाने ती जागची हलत नाही. फ्रेमचे पाइप उताराच्या दिशेनेच हवेत, उताराला आडवे टाकले तर प्रत्येक पाइपाआड पाणी तुंबेल. बोर्ड मग आपोआप उताराला काटकोनात येतात. लांबी-रुंदी ठरवण्याआधी उतार कुठे आहे ते पाहा, १९ फुटांचं गणित त्यावर उलटंही होऊ शकतं.

पाणी जायच्या तोंडावर दोन बोर्ड स्क्रूने उघडता येतील असे ठेवा. पहिल्या वळवाबरोबर नीलमोहोराची पानं तिथेच अडकतात.

आणि उंबरा मोजा! पाइप उभा ठेवला तर पॅड धरून डेक साडेतीन इंच वर येतो. आडवा टाकला तर दोन-सव्वादोन. दार बाहेर उघडत असेल तर ते डेकला घासेल. लोक हे डेक बसल्यावर बघतात.

वजनाची काळजी नको. फ्रेमसकट चौरस मीटरला तीसेक किलो. वापराच्या गच्चीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वापरभाराला धरलेला असतो. मात्र जुन्या फरशीवर नवी फरशी, तिच्यावर डेक असे थर चढवू नका.

मखमलाबादकर

सागवानाबद्दल कोणी बोललं नाही. इंच जाडीच्या फळीला चौरस फुटाला घनफुटाचा बारावा भाग लागतो. सागवान साडेतीन हजार रुपये घनफूट धरलं तर फळी २९० रुपये. रंधा आणि वाया जाणारं धरून साडेतीनशे. म्हणजे कॅपच्या बोर्डापासून फार लांब नाही! जुन्या नाशकात वाडे उतरवतात तिथलं सागवान मिळालं तर आणखी स्वस्त, आणि ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असल्याने पिळत नाही. खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर सुताराचं पातं जातं आणि शिव्या आपल्याला.

दरवर्षी पावसाळ्याआधी तेल लावायची तयारी असेल तरच. आळशी माणसाने डब्ल्यूपीसीच घ्यावं.

करवत

भाऊ, सागवान उघड्या गच्चीवर चालतं, पण तेल एक वर्ष चुकलं की करडं पडतं आणि तडे जातात. गिऱ्हाईक पहिली दोन वर्षं लावतं. तिसऱ्या वर्षी आम्हाला फोन.

राहिलं ते सांगतो. डब्ल्यूपीसी म्हणून दोन वेगळे माल विकतात. बाथरूमच्या चौकटी आणि किचनच्या ट्रॉलीला लावतात तो पीव्हीसीचा फुगवलेला बोर्ड. तो आतल्या कामाचा. उन्हात डेकला लागतो तो एचडीपीई प्लास्टिक आणि लाकडाच्या भुशाचा, जड आणि भरीव दाण्याचा. काही ठिकाणी पहिलाच माल बाहेरच्या कामाला चिकटवतात. ओळखायचं कसं? हाताएवढा नमुना मागा, पोकळ असेल तर त्याची एक भिंत कापून घ्या आणि तुकडा बादलीत टाका. डेकचा माल बुडतो. तरंगला तर परत द्या.

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे आभार, एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बादली लगेच करून पाहिली. २४० वाल्याचा नमुना आरामात तरंगला. विचारलं तर म्हणे, 'साहेब, बाहेर पण चालतं, फक्त ऊन जास्त लागू देऊ नका.' गच्चीवर! ३१० वाला बुडाला. कापलेल्या बाजूला कॅपचा पातळ थर वेगळा दिसतो, पोस्टकार्डाएवढा जाड असेल. ५२० वाल्याने नमुना अजून दिलेला नाही.

उंबरा तीन इंच निघाला, म्हणजे पाइप आडवाच. उतार १२ फुटांच्या दिशेने आहे, त्यामुळे १९ फुटांचं गणित टिकलं. छताच्या एका कोपऱ्यात थोडे पोपडे आहेत, पाणी कोंडून बघायचं काम रविवारी.

आता आईचा प्रश्न : कुरडया-पापड वाळत कुठे घालायचे?

लिंबाचं_लोणचं

डेकवर! जुनी सुती साडी अंथरायची, खाली फटी असल्याने हवा खेळते, फरशीपेक्षा लवकर वाळतात. फक्त तळणीचा झारा घेऊन वर जाऊ नका, मी तेलाचं आधीच सांगितलंय.

बजेट अडत असेल तर झुल्यापुरता १२ बाय ९ फुटांचाच डेक करा आणि बाकी फरशी ठेवा. आमच्याकडे सगळी गच्ची झाकली, वापरात निम्मीच आहे.

मेनरोडवाला

मी शेवटचं विचारतो. फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? आमच्या बाल्कनीत हे पाइप-बिइप जमणार नाही.

करवत

त्यासाठी फूट बाय फुटाच्या क्लिकवाल्या डेक टाइल येतात, खाली प्लास्टिकची जाळी. दीडशे-दोनशेला एक, फ्रेम नाही, वेल्डिंग नाही, घर सोडताना उचलून न्या. बाल्कनीला तेच बरं. मोठ्या गच्चीवर नको, जाळीत माती साठते.

पाथर्डी_फाटा, ५२० वाल्याला तीन गोष्टी लिहून मागा : पाइपाचं माप आणि जाडी, पाइपातलं अंतर, क्लिप कोणत्या ग्रेडची. ३०४ स्टेनलेस असली तर बिलावर तसं लिहायला त्याला अडचण नसावी. पाणी कोंडून झालं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माप घ्यायला येतो.