समलैंगिक व्यक्तींचा ताण मोजण्यासाठी कोणती प्रश्नावली वापरावी?

प्रश्न:
एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मी समलैंगिक पुरुष आणि स्त्रियांना जाणवणाऱ्या ताणाचा अभ्यास करणार आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची आवृत्ती वापरावी, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. ती पुरेशी ठरेल का?

प्रतिसाद १:
एकटी पुरणार नाही. गेल्या महिन्याभरात गोष्टी आवाक्याबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न ती विचारते. त्यामुळे परीक्षेचा, कर्जाचा आणि घरी कळेल या भीतीचा ताण एकाच बेरजेत मिसळतो. इलान मेयर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, न्यूयॉर्कमधील ७४१ समलैंगिक पुरुषांच्या अभ्यासात स्वतःविषयी मनात रुजलेला तिरस्कार, नाकारले जाण्याची धास्ती आणि प्रत्यक्ष भेदभाव व हिंसा हे घटक वेगवेगळे मोजले होते. तुम्हीही ते सुटेच ठेवावेत.

प्रतिसाद २:
सहमत आहे, परंतु केवळ भेदभावाचे प्रसंग मोजले, तर निष्कर्ष उलटाच निघण्याची भीती मला वाटते. जी स्त्री घरी आणि कार्यालयात कोणालाच काही कळू देत नाही, तिच्या वाट्याला उघड अपमान कमी येतात आणि तिचे गुण कमी भरतात. प्रत्यक्षात मात्र जोडीदाराचा प्रत्येक फोन, प्रत्येक छायाचित्र लपवण्यात तिचा दिवस जातो. मेयर यांनी अल्पसंख्याक गटांच्या ताणाविषयीच्या २००३ च्या मांडणीत ओळख लपवण्याला स्वतंत्र स्थान दिले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. किंबर्ली बाल्सम आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या पन्नास प्रश्नांच्या प्रश्नावलीत सतत सावध राहणे आणि घरच्यांचे वागणे यांसाठी वेगळे विभाग आहेत, आणि प्रसंग घडला का याबरोबरच त्याचा त्रास किती झाला हेही विचारले जाते. स्थळे पाहण्याचा तगादा मात्र आपल्याकडे इतका मोठा आहे, की त्यावरचे प्रश्न मुलाखती घेऊन तुम्हालाच तयार करावे लागतील.

प्रतिसाद ३:
सहभागी व्यक्तींचे वय अवश्य नोंदवा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ पासून दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्यांचे तारुण्य कायद्याच्या धाकात गेले आहे. शिवाय अनेक घरांत फोन सगळ्यांच्याच हाती असतो, म्हणून ऑनलाइन अर्जाच्या शीर्षकात ‘समलैंगिक’ हा शब्द ठेवू नका आणि अर्धवट भरलेली उत्तरे फोनवर साठणार नाहीत, याची आधी खात्री करून घ्या.