शेजाऱ्याचं रान बघूनच शेती बदलते का?

पेरणीवाला:
नवं वाण, नवी पद्धत रुजते ती शेजाऱ्यामुळे, असं माझं ठाम मत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्यावरचा रायन आणि ग्रॉस यांचा १९४३चा अभ्यास बघा. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, पण पटलं ते शेजाऱ्याकडे बघून. विक्रेत्याला माल खपवायचा असतो. शेजाऱ्याचं पीक बुडालं तर ते झाकता येत नाही.

हिशेबी:
शेजारी दाखवेल, पण परवडलं नाही तर पेरणार कोण? त्याच मक्यावर अर्थतज्ज्ञ ग्रिलिचेस यांचं १९५७चं काम आहे. आयोवात संकरित मका झपाट्याने पसरला, अमेरिकेतल्याच अलाबामात उशिरा आणि सावकाश. शेजारी काय अलाबामात नव्हते? तिथल्या मातीला मानवणारं बियाणं कधी आलं आणि एकरी फायदा किती, यावर सगळं ठरलं.

पेरणीवाला:
फायदा आहे हे कळतं कसं, तेच तर विचारतोय. घानातल्या अननसवाल्यांवर कॉनली आणि उड्री यांचा २०१०चा अभ्यास आहे. ज्यांच्याशी शेतीचं बोलणं होतं त्यांच्यापैकी कुणाला अपेक्षेबाहेर नफा झाला, की बाकीचे खताची मात्रा त्याच्यासारखी करू लागत. अननस तिथे नवा होता. मका आणि कसावा (एक कंद) ही जुनी पिकं, त्यात असं काही दिसलं नाही. नुसता नफाच चालवत असेल, तर हा फरक कशाने पडला?

हिशेबी:
एका शिवारात माती एक, पाऊस एक, बाजारही एकच. दोघांनी एकच पद्धत धरली म्हणजे एकाने दुसऱ्याचं पाहिलं, हे कशावरून?

पेरणीवाला:
म्हणूनच कॉनली-उड्रींनी नुसता बांध मोजला नाही. कोण कुणाला सल्ला विचारतो, ते विचारलं. (बांधाला बांध असलेल्यांचं बोलणं असतंच असं कुठे आहे!)

कोरडवाहू:
शेजाऱ्यामुळे अडतंही, ते कुणी बोलेना. मोझांबिकमध्ये सूर्यफुलाबाबत दिसलं, की ओळखीतल्या थोड्यांनी लावलं असेल तर माणूस पुढे येतो. बऱ्याच जणांनी लावलं असेल तर उलट कचरतो. आधी त्यांचं होऊ दे, मग बघू!
आणि प्रात्यक्षिकाचा प्लॉट हमखास मोठ्या बागायतदाराकडे. दोन एकरवाला बघून म्हणणारच, त्याला जमतंय. मलावीत साध्या, आपल्यासारख्याच शेतकऱ्यांना छोटं बक्षीस कबूल करून इतरांना नवी पद्धत शिकवायला लावलं, तेव्हा लोकांनी त्यांचं जास्त ऐकलं. बक्षीस नसताना मात्र तेही फारसे हलले नाहीत. शेजारधर्मावर विसंबणाऱ्यांनी आता सांगावं, शिकवण्याचे कष्ट शेजाऱ्याने फुकट का घ्यावेत?