लेकरांच्या नवीन पुस्तकांबद्दल लिहायचं कसं? चित्रपुस्तकं अन् आठवी-नववीच्या कादंबऱ्या, दोन्हीबद्दल विचारून राहिली

वाचनवाली_ताई, घाटंजी
नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे अन् संध्याकाळी लेकरांचा वाचनाचा तास घेते. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवीन बालपुस्तकांबद्दल दर पंधरा दिवसांनी लिहायचं काम यंदा माझ्याकडं आलं. आपल्याकडं विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटीच उघडते तं सुट्टीत बसून पहिलं परीक्षण लिहून टाकलं. सुंदर चित्रे, सोपी भाषा, संस्कारक्षम कथा, प्रत्येक शाळेत असावे असे पुस्तक. मग शाळा सुरू झाल्यावर तेच पुस्तक वाचून दाखवलं तं पाचव्या पानापासून पोट्टे चुळबुळ करायला लागले, कोणी खिडकीकडं पाहे, कोणी पाणी प्यायला जाऊ का म्हणे. मला फार वाईट वाटलं, कारण माझं वाचून दोन शाळांनी ते मागवलंही होतं.

अन् दुसरं एक पुस्तक, एका पानावर जेमतेम एक ओळ, त्यात मला काही विशेष दिसलं नव्हतं. कोलाम पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं, एक पोरगं आहे, घरी कोलामी बोलतात, वर्गात तोंड उघडत नाही. ते उठून पुढं आलं, चित्रातल्या खुंट्याजवळ बोट ठेवलं अन् म्हणे, मॅडम, दोरी सुटली. पान पलटलं तं खरंच, मागं कोपऱ्यात बकरी वांग्याच्या वाफ्यात तोंड घालून उभी. शब्दांत बकरीचं नावसुद्धा नाही, तिथं नुसतं आजी दळण निवडून राहिली आहे. मी दोनदा वाचलं होतं पुस्तक अन् मला बकरी दिसली नव्हती.

तं प्रश्न असा की मला चित्रकलेतलं काही समजत नाही, चित्रांबद्दल मी काय लिहावं? अन् आठवी-नववीसाठी एक कादंबरी आली आहे, तिच्यात पाळीचा विषय आहे, वडिलांच्या कर्जाचा आहे. एक सर म्हणाले हे विषय परीक्षणात घेऊच नका, पालक येतील भांडायला. काय करू?

सेलूचा_ग्रंथपाल, वर्धा
ताई, बकरीची दोरी हेच तुमचं परीक्षण आहे, अजून काय पाहिजे! चित्रपुस्तकात चित्र शब्दांच्या मागं मागं चालत असलं म्हणजे शब्दांत आजी अन् चित्रातही नुसती आजीच, तं ते पुस्तक अर्धंच झालं असं मी समजतो. शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते का, एवढं एक लिहिलं तरी चालते, त्याले चित्रकला यावं लागत नाही.

मी तीनदा वाचतो. एकदा ओळींवर कागद ठेवून नुसती चित्रं, एकदा मोठ्यानं, अन् एकदा लेकरांसोबत, त्यांच्याशिवाय मी लिहीतच नाही. पान पलटायची जागाही पाहा. छपाईचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, बहुतेक आठ नाहीतर सोळा पानांचा असते म्हणून ही पुस्तकं १६, २४, ३२ अशा पानांची निघतात, तेवढ्यात गोष्ट बसवायची तं चांगला लेखक उजव्या पानावर वाक्य अशा ठिकाणी सोडते की लेकरू स्वतःच पान ओढते. दोन पानी चित्रात कोणाचा चेहरा मधल्या घडीत गेला का तेही लिहा. बांधणी लिहा, मधात पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडते, चिकटवलेलं असलं तं चाळीस हातांतून जाता जाता पानं सुटतात. अन् चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं द्या, आपल्या मराठीत ते फार राहून जाते.

नववी_ब, दर्यापूर
मी हायस्कूलला शिकवते म्हणून कादंबरीचं बोलते. काढून नका टाकू ताई. माझ्या वर्गात वडील नसलेली लेकरं आहेत अन् वडील का नाहीत हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही, त्या पोरांनाच तो विषय नको म्हणणारे आपण कोण? पण पुस्तकानं त्या विषयाचं काय केलं ते नक्की लिहा. बाप गेला अन् पुढची दीडशे पानं पोरगं नुसतं रडते असं असलं तं मी स्पष्ट लिहिते की हे पोरगं खरं नाही. आमची पोरं त्याच घरात राहतात, क्रिकेट खेळतात, हसतात, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं चोरतात, कादंबरीत तेही यायला पाहिजे न!

अन् वावरातलं तपासून घ्या. मी एक वाचली तिच्यात भर आषाढाच्या पावसात बाया कापूस वेचून राहिल्या होत्या. कपाशी लावतात जून-जुलैत, पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आसपास. माझ्या पोरींनी पहिल्याच पानावर पकडलं अन् पुस्तक बाजूला ठेवलं, ज्याला वेचा माहीत नाही त्याचं बाकीचं का म्हणून ऐकावं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. अशी चूक परीक्षणात नाही लिहिली तं पुढच्या आवृत्तीत सुधारणार कोण? पाळीचं म्हणाल तं तशी पुस्तकं पोरी दप्तरात खाली लपवून नेतात अन् वाचून परत आणतात, त्यावरून काय ते समजा.

मोर्शीचे_काका
पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तं बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासून निघते, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, गोंडी-कोरकूतल्याही आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणं लावलेल्या. मात्र त्यात भाषांतरं भरपूर, म्हणून मोठ्यानं वाचल्याशिवाय शिफारस करू नका, जीभ अडखळली की समजते.

वाचनवाली_ताई, घाटंजी
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं परीक्षण ग्रुपवरून काढलं अन् त्या दोन शाळांना फोन करून माझी चूक सांगितली. बकरीवालं नव्यानं लिहिलं, सुरुवात अशी आहे: या पुस्तकात आजी दळण निवडते. वाचताना खुंट्याकडं लक्ष असू द्या, पण लेकरांच्या आधी बोलू नका. पहिली-दुसरीच्या वर्गात पंचवीस मिनिटं चाललं, शेवटचं पान तीनदा मागितलं. कादंबरीचं दोन्ही विषयांसकट लिहिते, आधी नववीच्या चार पोरींना वाचायला दिली आहे.

सेलूचा_ग्रंथपाल, वर्धा
छान झालं ताई. किंमत अन् पानं टाकायची राहिली तेवढी टाका, मुख्याध्यापक पहिले तेच पाहतात.