अनुभव धागा: शिरूर-पारनेर-आण्याच्या माळावर वाट सोडून खडक पाहताना

माळवाट (धागाकर्ती): मंडळी, किल्ल्यांच्या वाटांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. पुण्याहून पूर्वेला आणि ईशान्येला सरकलं की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. तिथे ना मळलेली वाट, ना पाटी, म्हणून सहसा कोणी फिरकत नाही. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, नीट पाहायचा तर हाच भाग सोयीचा, कारण घाटमाथ्यावर माती आणि झाडोरा जे झाकून टाकतात ते इथे उघडं पडलेलं असतं. जाणत्यांना आग्रहाचं आवतण. प्रवासवर्णन नको. काय पाहायचं, काय सोबत न्यायचं आणि नेमकं कुठे बिघडतं, तेवढं लिहा.

कुकडीकाठ: सुरुवात निघोजच्या रांजणखळग्यांपासून करा. नगर रस्त्याने शिरूर, तिथून टाकळी हाजी किंवा निघोज, एकूण साधारण ९० किमी. कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेले गोटे आणि वाळू एकाच जागी फिरत राहतात आणि कातळ कोरतात. खळगा खोल होत जातो, तसा शेजारच्या खळग्याला आतून भिडतो. इथेच खरा धोका आहे. दोन खळग्यांमधली भिंत वरून रुंद दिसते, पण पोटातून झिजून पातळ झालेली असते. काठ आतल्या बाजूने पोखरलेला आहे का, हे आधी पलीकडून वाकून पाहा, मगच त्यावर पाय द्या.

बऱ्याच खळग्यांचं तोंड अरुंद आणि पोट मोठं असतं. आत पडलेल्या माणसाला गुळगुळीत भिंतीवर पकड मिळत नाही, वर शेवाळ. पोहता येणाराही स्वतःहून बाहेर येईलच असं नाही. मदतीला उडी मारायची नाही, दोर टाकायचा. २० मीटरचा तरंगणारा दोर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको. नदीच्या वरच्या अंगाला येडगाव धरण आहे. पाणी सोडलं की कोरडं पात्र भरतं, म्हणून पात्रात उतरण्यापूर्वी गावात किंवा मंदिरात पाण्याची चौकशी कराच. झुलत्या पुलावरून दिसतं ते सुंदर आहेच, पण खळग्यांच्या तळाशी अडकलेले घोटीव गोटे पाहायचे तर पाणी ओसरलेल्या दिवसांत जावं लागतं.

उभीभेग: पुणे-नाशिक-संगमनेर पट्ट्यात डाइक पुष्कळ आहेत. भेगेतून वर चढलेला लाव्हा तिथेच थिजला की डाइक तयार होतो. भोवतालचा खडक आधी झिजला, तर माळावर सरळ रेषेत जाणारी काळ्या धोंड्यांची भिंत उरते. माणसाने रचलेली ताल (दगडी बांध) की डाइक, हे ओळखायची खूण सोपी आहे. लाव्हा थंड होताना भेगा थंड पृष्ठभागाला काटकोनात पडतात. सपाट थरात त्यामुळे उभे खांब होतात, तर डाइक दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून थंड होतो, म्हणून त्याचे खांब आडवे पडतात, रचून ठेवलेल्या सरपणासारखे. त्यांवर चढू नका. आडवा तुकडा पायाखाली गोल फिरतो आणि घोटा जातो. डाइकच्या कडेकडेने, मुरमावरून चाला.

होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नका. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि वीज पडलेल्या माथ्यावर सुई चांगलीच भरकटते. उभं राहून छातीच्या उंचीवर धरा, दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा वाचा. दोन्ही वाचनं जुळली तरच विश्वास ठेवा.

समोच्चरेषा: नकाशाबद्दल एक भर. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात दोन समोच्चरेषांमध्ये (समान उंची जोडणाऱ्या रेषा) उंचीचं २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे १५ मीटरचा तुटलेला कडा नकाशावर दिसणारच नाही असं होऊ शकतं. उपग्रहचित्र सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हाचं असेल तर सावलीची काळी पट्टी शोधा, कडा तिथे असतो.

गारगोटी: विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या मऊ, भोकाभोकाच्या खडकात पांढरे खडे भरलेले दिसतात. प्रत्येक पांढरा खडा झिओलाइट, म्हणजे लाव्हातल्या पोकळ्यांत वाढणारं स्फटिकी खनिज, नसतो. सुटा पडलेला तुकडा घ्या. चाकूने ओरखडा उठला नाही तर गार, म्हणजे क्वार्ट्झ. ओरखडा उठला तर निघालेल्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), नाही आले तर बहुधा झिओलाइट. हातोडा मात्र घरीच ठेवा. उघड्या कातळातून स्फटिक उपटले की पुढच्याला फक्त खड्डा दिसतो, आणि हे फार ठिकाणी झालंय. मनापासून विनंती आहे.

तांबडाथर: आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्यावर कातळाचा नैसर्गिक पूल आहे, शेजारी मळगंगेचं मंदिर. आळेफाटा, बेल्हे, मग गुळुंचवाडी. अशा कोणत्याही कमानीखाली जाण्याआधी छत पाहा. जुना पृष्ठभाग तपकिरी असतो, ताजा तुटलेला भाग काळा-करडा. काळे डाग दिसले आणि खाली धारदार कडांचे तुकडे पडलेले असले, तर तिथे थांबायचं नाही. दोन लाव्हाथरांमध्ये लाल मातीचा पट्टा असेल तर तोच आधी झिजतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. त्या सावलीत जेवायला बसायचा मोह होतो, पण बसू नका. घसाऱ्यावर उतरताना एकामागे एक न जाता तिरके, वेगवेगळ्या रेषेत उतरा.

रानफुटाणा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे निघून अकराला सावलीत. माणशी ४ लिटर पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका. कापडी बूट कुसळांनी भरतात, म्हणून घोट्यावर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) हवेत.

कातळाच्या कपारीत आणि सुट्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो. दगड उचलायचाच तर काठीने, आपल्या बाजूला उचका म्हणजे फट पलीकडे उघडते. चावलं तर आवळपट्टी नाही, चिरा नाही. अंगठी-कडं काढा, अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, तेव्हा साप शोधण्यात वेळ घालवू नका. निघण्यापूर्वी सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का, ते विचारून घ्या.