कामगंध म्हणजे नक्की कसला गंध?

परवा मामाने गावाहून व्हॉट्सअ‍ॅपवर कपाशीचं पत्रक पाठवलं, त्यात लिहिलंय 'कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग आढळल्यास फवारणी करावी'. आता मी लालबागची, पतंग म्हटलं की मला गच्ची नि मांजा दिसतो, आणि काम म्हणजे ८:१२ ची फास्ट. कामाला कसला आलाय गंध? घामाचा?

– अगं काम म्हणजे कामदेवातलं काम :) पतंग म्हणजे दिव्यावर झडप घालतो तो, गुलाबी बोंडअळी मोठी होऊन तोच होते. मादी नराला बोलवायला जे सोडते ते कारखान्यात बनवून रबराच्या बुचात भरतात, दुकानात त्याला ल्यूरच म्हणतात. मी यवतमाळकडचा, आता डोंबिवलीत, एकदा ते बूच नाकाला लावून बघितलं तर नुसता रबराचा वास.

– मग 'गंध' बरोबरच आहे की! वास म्हटलं की कुणाच्या तरी नाकाला यावा लागतो, आणि ससून डॉकवर 'वास येतोय' म्हटलं की चांगला का वाईट ते कोण विचारत नाही. दादरच्या फुलबाजारात मात्र दरवळ. जे आपल्याला येतच नाही त्याला गंधच बरा. पतंगाला तरी नाक कुठंय, त्याच्या मिशा, पुस्तकात शृंगिका.

– थोडं भांडतो. कामगंध ज्याचं मराठी केलंय तो फेरोमोन हा शब्द १९५९ चा, ग्रीकमधला, वाहून नेणं अधिक चेतवणं, त्यात काम कुठेच नाही. मुंग्या रांग लावतात तेही फेरोमोनच, तिथे कामगंध म्हणालात तर मुंग्या लाजतील. नर-मादीपुरता मात्र शब्द फिट आहे. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याचं पहिलं फेरोमोन ओळखलं, त्यासाठी ५ लाखांच्या आसपास माद्या लागल्या होत्या.

आणि खरी गंमत जनुकांत आहे. युरोपात मक्याची एक खोडअळी आहे, दिसायला सारखी पण तिचे दोन वंश, दोघांच्या गंधात तेच दोन घटक, फक्त एकीत ९७ ला ३ आणि दुसरीत जवळजवळ उलटं, आपल्या पोह्यात मीठ आणि साखर अदलाबदल झाल्यासारखं. मादीचं प्रमाण ठरवणारं जनुक २०१० मध्ये सापडलं, नराची आवड ठरवणारं २०२१ मध्ये, ते वेगळ्याच गुणसूत्रावर, आणि सगळ्यांना वाटत होतं तसं ते गंधग्राहीचं जनुक नव्हतंच, चेतापेशींच्या घडणीतलं निघालं.

– गंधग्राही म्हणजे रिसेप्टर का? मला संवेदक सोपं वाटतं.

– संवेदक म्हणजे सेन्सर हो, लिफ्टच्या दारात असतो तो. ग्राही छान आहे, गुणग्राही कसं म्हणतो आपण, समोर आलेल्या ढिगातून आपल्याला हवं तेवढंच घेणारा. हे प्रथिन पण तसंच, शृंगिकेवर बसून शंभर गोष्टी सोडतं आणि एकीला धरतं. संवेदक म्हटलं की ही निवड हरवते.

– मूळ प्रश्नवाली परत. मामाला आत्ता फोन केला, म्हणे कामगंध-बिमगंध इथे कोण म्हणत नाही, 'ट्रॅप लावले का' एवढंच विचारतात. काल रात्री पाच पडले म्हणाला.