'इंट्युइटिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका अ‍ॅपच्या मराठीकरणात 'इंट्युइटिव्ह इंटरफेस' (न शिकवता वापरता येईल अशी मांडणी) हा शब्दप्रयोग सतत येतोय. 'अंतःप्रेरित' वाचून कुणाला काही कळेलसं वाटत नाही. 'सुलभ' चालेल का?

उत्तर: 'सुलभ' म्हणजे मुळात सहज मिळणारं, 'दुर्लभ'च्या उलट. मला 'सोयीचं' पटतं, कारण 'हे सोयीचं आहे' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुणाला? हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

माझ्या बाबांचा जन्म मराठी टाइपरायटरवर गेला. रेमिंग्टन पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. 'सूर्य'चा रफार मात्र 'य'नंतर. घरी संगणक आल्यावर मी हौसेनं इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी, लावून दिली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि सगळा क्रम उच्चाराचा: आधी 'क', मग वेलांटी, रफाराला आधी 'र', मग हलन्त, मग 'य'. बंगाली, गुजराती, तमिळ, सगळ्यांना हीच मांडणी. मला ती फार सुंदर वाटते. बाबांचा हात मात्र दर 'कि'ला वेलांटीकडे आधी धावायचा. "हे उलटं आहे," म्हणाले. धाकट्या बहिणीला रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय, तिला दोन्ही उलटी. शेवटी बाबांना रेमिंग्टनचीच मांडणी बसवून दिली. त्या संध्याकाळी त्यांनी आत्याला दोन पानी पत्र टाइप केलं.

आणखी एक उत्तर: म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताचं वळण. अ‍ॅपलमध्ये मॅकिन्टॉश संगणकाचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रास्किन यांनी १९९४ साली हेच मांडलं होतं: 'इंट्युइटिव्ह' म्हणतो ते बहुतेक वेळा फक्त ओळखीचं असतं. आपल्याकडे 'अंगवळणी पडणं' आहेच, आणि त्यातलं 'पडणं' फार नेमकं आहे. वळण जन्मतः नसतं, लागतं. 'सोयीस्कर' मात्र टाळा. 'सोयीस्करपणे विसरला' म्हणतो तेव्हा त्यात स्वार्थाचा वास असतो.

प्रश्नकर्ती: जाहिरातीच्या ओळीत 'हाताला लगेच बसेल असं' लिहिते. तिथे 'कुणाच्या?' हा प्रश्न उरतोच, पण शब्द खोटा वाटत नाही. आणि सेटिंगमध्ये 'कीबोर्ड निवडा' होतं, ते बदलून 'तुमच्या सवयीचा कीबोर्ड निवडा' केलं. यादीत रेमिंग्टन नव्हता. तो घालायला सांगितलं आहे.