पोलिसांवरच्या कमिशनरला मत दिलंत का? (अनुभव लिहा)

मंडळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या सरकारने जाहीर केलं की इंग्लंड-वेल्समधलं पोलीस अँड क्राइम कमिशनर (पीसीसी) हे पद मे २०२८ मध्ये मुदत संपली की जाणार. पुढे इंग्लंडमध्ये जिथे मेयर आहे तिथे ते काम मेयरकडे आणि बाकी ठिकाणी कौन्सिलच्या पुढाऱ्यांच्या मंडळाकडे. ऑफिसात ही बातमी निघाली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "हे कोण असतात?" पन्नाशीचा माणूस, जन्म इथला. मी मात्र या पदासाठी दोनदा मत देऊन आले आहे, तेही भारतीय पासपोर्टवर.

पहिल्यांदा दिलं तेव्हा आईला साताऱ्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कमिशनर निवडून देता? मग परीक्षा कोण देतं?" तिला समजावलं की हा वर्दीतला नव्हे. वर्दीतला मोठा साहेब म्हणजे चीफ कॉन्स्टेबल. त्याला नेमायचं, वेळ आली तर काढायचं, पोलिसांचं बजेट आणि कौन्सिल टॅक्समधला पोलिसांचा वाटा ठरवायचा, ही पीसीसीची कामं. आई म्हणाली, "म्हणजे पालकमंत्री." मी पुढे वाद घातला नाही.

नव्याने आलेल्यांसाठी सांगते. आपण राष्ट्रकुलातले, त्यामुळे व्हिसा नीट असेल तर नाव नोंदवून इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. कित्येकांना हे पाच-पाच वर्षं माहीत नसतं.

तर तुम्ही दिलंत का? दिलं तर का, नाही तर का नाही? मोकळेपणाने लिहा.

पेन्सिलवाली

मी दिलं की नाही ते सोडा, मी तिथे बसले होते. १५ नोव्हेंबर २०१२, पहिली निवडणूक, मी पोल क्लार्क. चर्चच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला हजर. सात ते दहा मतदान, म्हणजे रात्री दहा. एरवी इथल्या निवडणुका मे महिन्यात असतात, लोक कुत्र्याला फिरवता फिरवता मत टाकून जातात. ही काढली ऐन नोव्हेंबरात. चारलाच अंधार, हॉलमधला हीटर नुसता आवाज करणारा. दुपारी एक ते तीनमध्ये आमच्याकडे चार माणसं आली, त्यातलं एक जण टॉयलेट विचारायला. बरोबरच्या बाईंनी बाळाचा एक मोजा पूर्ण विणला.

देशभरात शंभरातल्या जेमतेम पंधरा जणांनी मत दिलं. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मत पडलं नाही. ती बातमी वाचून मला तिथल्या क्लार्कची फार दया आली.

आलेल्यांपैकी बरेच जण विचारायचे, "यातलं कोण बरं आहे?" आम्ही काही सांगू शकत नाही. सरकारने उमेदवारांची माहितीपत्रकं घरोघर टाकली नव्हती, वेबसाइटवर बघा म्हणाले. कोरी चिठ्ठी घडी करून टाकणारेही बघितले. माझ्या मते न येणाऱ्यांचा दोष अर्धाच.

स्विंडनचो

हांव मूळचा कुंकळ्ळीचा, पण मराठी शाळेत शिकलो, म्हणून इथे लिहितो.

आमच्या विल्टशरमध्ये २०२१ साली एकाच पदासाठी दोनदा मतदान झालं. मे महिन्यात ज्याला सगळ्यात जास्त मतं पडली त्याला पदावर बसताच आलं नाही. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा त्याला झाली होती. या पदाचा नियम खासदारापेक्षा कडक आहे: ज्या गुन्ह्याला तुरुंग होऊ शकतो अशा गुन्ह्यात दोषी ठरलात की बाद, मग प्रत्यक्षात नुसता दंड झालेला का असेना. ऑगस्टमध्ये सगळं पुन्हा. तेव्हा मात्र मी गेलोच. म्हटलं, आता कोण येतो ते बघूया तरी.

गंमत दुसरीच आहे. मी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्यामुळे कौन्सिलला आणि पीसीसीला मत देऊ शकतो, पार्लमेंटला नाही. माझा मेव्हणा भारतीय पासपोर्टवर नर्सिंग होममध्ये काम करतो, त्याला तिन्ही. ख्रिसमसच्या जेवणाला हा विषय तो दर वर्षी काढतो.

नाव नको, गावही नको

आमच्याकडे चोरी झाली. दिवाळीच्या आधीचा आठवडा, आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. एशियन घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. कपाटाला हातही लावला नव्हता. थेट स्वयंपाकघरात तांदळाचा डबा ओट्यावर उपडा केलेला, मग डाळीचा, मग पोह्यांचा. सासूबाईंच्या पाटल्या तांदळातच होत्या. कुठे शोधायचं हे त्यांना आमच्या आयांइतकंच माहीत होतं.

फोन केला, विम्यासाठी क्राइम नंबर मिळाला. माणूस आला चौथ्या दिवशी. तोवर मी तांदूळ तसाच ठेवला होता, ठसे मिळतील म्हणून. तो बघून म्हणाला, आता आवरलंत तरी चालेल.

मी पीसीसीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत: पोलीस कुठे कधी जातील हा चीफ कॉन्स्टेबलचा निर्णय, त्यात मला हात घालता येत नाही. मग मत कशाला मागता? तक्रार केली, ती निकाली काढली, त्यावर फेरविचार मागितला. हा फेरविचार २०२० पासून पीसीसीच्या ऑफिसकडे असतो. त्यांनी तीन पानी पत्र पाठवलं आणि एका मुद्द्यावर, चौथ्या दिवशी येण्याबद्दल, माझं म्हणणं मान्य केलं. पाटल्या गेल्या त्या गेल्याच. २०२४ ला मी मत दिलं. का दिलं ते नवऱ्याला अजून पटवता आलेलं नाही.

लंडनकर

आम्हाला पीसीसी नाही, ते काम मेयरकडेच आहे. त्यामुळे वाचतोय फक्त.

बदलीतला मुलगा

मी कधीच दिलं नाही आणि मला त्याची लाज नाही. थोडं लांबेल, चालवून घ्या.

वडील पोलिसात होते, महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात. मी दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. एकदा त्यांनी कुणाच्या तरी भाच्याची वाळूची गाडी अडवली आणि पंधरा दिवसांत बदलीचा कागद आला. आईने भांडी पोत्यात भरताना एक शब्द काढला नाही, फक्त दळण अर्धं राहिलं म्हणून शेजारच्या काकूंना सांगून आली. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बदल्यांसाठी पोलिसांचंच मंडळ असावं, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं हलवू नये. वडिलांनी ते कात्रण देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. निकालाने घरात फार काही बदललं नाही, पण कात्रण होतं.

असा माणूस इथे येतो आणि बघतो तर काय, पोलीसप्रमुखाला नेमणारा-काढणारा एक पुढारी, आणि तोही पक्षाच्या चिन्हावर! मी बॅलट पेपर बघितला आणि पोटात गोळा आला. आपण ज्यातून निघालो तेच इथे हौसेने आणलं? हा खेळ मला मान्य नाही, म्हणून मी त्यात नाही.

पेन्सिलवाली

@बदलीतला मुलगा, चीफ कॉन्स्टेबलला काढायची ठरलेली रीत आहे हो, पॅनेल असतं, लेखी कारणं द्यावी लागतात. रात्रीतून कागद येत नाही.

बदलीतला मुलगा

ताई, रीत आमच्याकडेही होती.

रिटायर्ड काका, मिडलंड्स

तुमचं वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो. मी दर वेळी मत देतो, पण त्यापेक्षा मी काय करतो ते सांगतो. मी कस्टडी व्हिजिटर आहे. पोलीस कोठड्या बघायला जाणारे आम्ही साधे नागरिक, पगार नाही, गाडीभाडं मिळतं. ही योजना चालवायची जबाबदारी पीसीसीची. मला हे माहीत झालं ते मत द्यायला जायच्या आधी उमेदवारांची नावं शोधताना, त्यांच्या वेबसाइटच्या एका कोपऱ्यात.

आम्ही दोघं-दोघं जातो, न सांगता, कुठल्याही वेळी. बेल वाजवायची, ओळखपत्र दाखवायचं. आत घ्यायला उशीर झाला तर तोही लिहायचा. मग एकेका कोठडीच्या दाराशी जायचं. सार्जंट विचारतो, "हे बाहेरचे लोक आहेत, बोलणार का?" आतला माणूस हो म्हणाला तरच पुढे. नाव विचारायचं नाही, गुन्हा विचारायचा नाही. हक्क सांगितले का, खायला मिळालं का, ब्लँकेट आहे का, औषध चालू आहे का, घरी कळवलं का, एवढंच.

एकदा रात्री पावणेबाराला एक पोरगा, विशीतला, भिंतीकडे तोंड करून बसलेला. जेवलास का विचारलं तर मान हलवली, नाही. मायक्रोवेव्हमधल्या डब्यांत शाकाहारी काही आहे का, हे त्याला इंग्रजीत विचारता येत नव्हतं. तो गुजराती बोलत होता. माझी गुजराती मुंबईच्या लोकलमधली. "शाक? भात?" एवढं म्हटल्यावर त्याने वळून बघितलं. सार्जंट चांगला होता, त्याने लगेच भाजी-भाताचा डबा गरम करून आणला आणि दुभाषाला फोन लावला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: शाकाहारी डबे दोनच शिल्लक. पुढच्या फेरीला अख्खा खोका होता.

बदलीतल्या मुला, तुझ्या वडिलांच्या जागी मी असतो तर मलाही पुढारी नको झाला असता. पण कोठडीच्या दाराशी बाहेरचा माणूस जाऊ शकतो हे कुणीतरी चालवावं लागतं, आणि चालवणाऱ्याला विचारणारा कुणीतरी लागतो. तो मला चार वर्षांतून एकदा होता येतं. भारतात तक्रार प्राधिकरणं आहेत, महाराष्ट्रात आहे, गोव्यात आहे. तिथले सदस्य सरकार नेमतं, आपण नाही.

हॉस्टेलवाला पुणेकर

मे २०२४ ला उत्साहाने गेलो, युनिव्हर्सिटीचं कार्ड दाखवलं. चालत नाही. रेलकार्ड दाखवलं. चालत नाही. माझ्या मागच्या आजोबांनी म्हाताऱ्यांचा बसपास दाखवला, चालला! परत हॉस्टेलवर जाऊन पासपोर्ट आणला. आल्यावर बोटाला शाई लावायला हात पुढे केला तर बाई गोंधळल्या आणि त्यांनी माझ्याशी शेकहँड केला.

आणि हो, पुण्यात आमचे नगरसेवक मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नव्हतेच, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. तेव्हा मिळेल ते मत देऊन टाकतो.

ल्यूटनची सून

आमच्या बेडफर्डशरला २०१५ मध्ये पीसीसीने थेट विचारलं होतं: पोलिसांसाठी त्यांचा टॅक्स १५.८ टक्के वाढवू का? सार्वमत! मी हो म्हटलं. सत्तर टक्के लोक नाही म्हणाले. आमच्या घरातही निकाल साधारण तोच होता, एक विरुद्ध तीन.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काका, २०२८ नंतर तुमच्या फेऱ्यांचं काय?

रिटायर्ड काका, मिडलंड्स

आम्हाला अजून काही कळवलेलं नाही. तोवर जात राहायचं.

धागाकर्ती

पुढची कधी आहे?

रिटायर्ड काका, मिडलंड्स

ते सांगायचं नसतं, बाई.